पिस्तुलाची गोळी जेलीत का झाडतात? जाणून घ्या या चाचणीमागचं गणित

स्लो मोशनमध्ये जेलीत घुसणारी आणि आत फुलासारखी उमलणारी गोळी तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलीच असेल. दिसायला भारी वाटतं, पण हा नुसता शो नाही. अमेरिकेत पोलीस आणि स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे लोक गोळी निवडताना याच चाचणीचा आधार घेतात.

सुरुवात कुठून झाली?

११ एप्रिल १९८६, मायामी. बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका लुटारूला ९ एमएमची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या साधारण इंचभर अलीकडेच थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. त्या एका इंचामुळे एफबीआयने गोळ्या तपासायची पद्धतच बदलली.

चाचणी कशी होते?

१० टक्के जिलेटिनचा ठोकळा ४ अंश सेल्सिअसला थंड करतात. आधी त्यात ठरलेल्या वेगाने स्टीलचा छर्रा मारतात. तो साधारण साडेआठ सेंटिमीटर आत गेला, तरच ठोकळा योग्य. मग खरी गोळी झाडतात. आधी थेट, नंतर जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, गाडीची काच अशा अडथळ्यांतून.

गोळी १२ ते १८ इंच आत जायला हवी. आता तुम्ही म्हणाल, छाती कुठे एवढी जाड असते? बरोबर, पण गोळी दंडातून किंवा तिरकी आली तर अंतर वाढतं. आणि १८ इंचांपेक्षा खोल गेली, तर आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागू शकते.

कपड्यांमुळे काय फरक पडतो?

हॉलो पॉइंट गोळीच्या टोकाला खळगा असतो. त्यामुळे ती उमलते आणि तिचा वेग लवकर कमी होतो. पण जाड कपड्याचे धागे खळग्यात अडकले, तर ती उमलत नाही आणि खूप खोल जाते. म्हणून फक्त उघड्या जेलीतला निकाल पुरेसा नाही.

व्हिडिओ पाहताना हे तपासा

- जेली खरी जिलेटिन आहे की पारदर्शक सिंथेटिक? दोन्हींचे आकडे सारखे येत नाहीत.
- छर्रा मारून ठोकळा तपासला का?
- एकच गोळी झाडली की अनेक?
- पिस्तुलाची नळी केवढी? आखूड नळीत वेग कमी मिळतो.

जेलीत हाडं नसतात, त्यामुळे ही चाचणी फक्त तुलनेसाठी आहे. आणि हो, आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हाही गुन्हा आहे.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला, की गोळी किती सुंदर उमलली यापेक्षा किती खोल गेली ते आधी बघा.