चौथ्या सीटचा हिशेब

लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो. हे रेल्वेने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण हार्बर लाइनवर ते कुणी नाकारतही नाही. तिघं जरा सरकतात आणि चौथा एका मांडीवर टेकतो. एकशेवीस-तीस किलोचा माणूस मात्र 'जरा सरका' म्हणत नाही, तो दाराशी उभा राहतो. ओवे गावाहून शेअर रिक्षाने खारघर स्टेशन गाठताना मागच्या सीटवर तिसरा म्हणून बसायलाही त्याला संकोच वाटतो. वजन कमी करायचं ऑपरेशन झाल्यावर काही महिन्यांनी तो कधीतरी चौथ्या सीटवर बसून घरी येतो. वजनकाटा हे दाखवत नाही, तरी माझ्या मते ऑपरेशनचं यश काट्याइतकंच अशा गोष्टींवर मोजावं. त्यासाठी आत काय घडतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे सर्वाधिक होणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक वाटी मावते. कापलेल्या भागातच भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त बनतं, म्हणून पोट लहान होतं तशी भूकही मंदावते. बायपास या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो आतड्याला पुढे जोडतात. अन्नाची वाट बदलते, त्याबरोबर आतड्यातली संप्रेरकंही बदलतात. त्यामुळे अनेक मधुमेहींची शुगर वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. इन्शुलिनचा जुना डोस तसाच चालू ठेवणं तेव्हा धोक्याचं असतं. डोस रोजच्या रोज डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. २०१७ मध्ये इजिप्तहून एका तरुणीला विमानाने मुंबईत आणलं, तेव्हा तर रोज तिच्या किलोंचा आकडा छापून यायचा. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. वजन उतरलं होतं, पण शरीरात आधीपासून साठलेले बाकीचे आजार उतरले नव्हते.

ऑपरेशननंतरचे पहिले दोनेक आठवडे पातळ पदार्थांचे. पाणी, ताक, डाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर, सगळं घोटघोट. या दिवसांत विजय एवढाच की दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पाणी पोटात गेलं. मग गुरगुट्या भात, घोटलेली डाळ, पुढे मऊ जेवण. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी घरचं रोजचं ताट, पण बशीएवढं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. वेळापत्रक डॉक्टरागणिक थोडं बदलतं, तेव्हा आपल्याच डॉक्टरांचं धरावं.

खाण्याचा क्रम पक्का असतो. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी किंवा भात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २०. आगरी घरात हे जमवणं त्या मानाने सोपं आहे. ओले बोंबील मऊ जेवणाच्या टप्प्यातही चालतात, पुढे काटे काढलेला रावस. सुके बोंबील आणि रबरासारख्या लागणाऱ्या शिवल्या मात्र बरंच नंतर. चिकट भात अनेकांच्या छातीशी अडकल्यासारखा होतो. तांदळाच्या भाकरीचा तुकडा नीट न चावता गिळला तर तोही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा हलायचा थांबतो आणि घरात कुजबुज सुरू होते, 'एवढे पैसे घालून हे काय?' सुरुवातीला उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. स्नायूंतली आणि यकृतातली साठवणीची साखर संपते आणि तिला धरून असलेलं पाणीही निघून जातं. पुढची घसरण चरबीची आणि ती सावकाश होते. याच काळात टेप घ्या. काटा अडला असतानाही कंबर कमी होत असते. बेल्टचं आतलं भोक, सैल झालेली अंगठी, मनगटावर फिरायला लागलेल्या बांगड्या, हीसुद्धा मापंच आहेत.

सांध्यांचं गणित जास्त रंजक आहे. चालताना शरीराचं एक किलो वजन कमी झालं की गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं अभ्यासात आढळलं आहे. वीस किलो गेले तर ऐंशी, तेही दर पावलाला. बेलापूर ते पेंधर मेट्रोची स्टेशनं उंचावर आहेत, हा फरक तिथे मोजता येतो. लिफ्ट सोडून जिना चढायचा आणि मध्ये किती वेळा थांबलो ते लक्षात ठेवायचं. महिन्याने तोच जिना. मांडी घालून पंगतीला बसता येणं आणि हात न टेकता उठणं हे त्याच गणितातलं. वाकून चपलेचा पट्टा लावताना दम लागत नाही, कारण पोटातली चरबी आता श्वासपटलाला वर रेटत नाही. घोरणं कमी होतं, कारण घशाभोवतीचा मेदही वितळतो. पण त्यावरून झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, आधी पुन्हा झोपेची तपासणी करायची. उठल्यावर चक्कर येत असेल तर बीपीची गोळी जास्त होत असू शकते. बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा.

आता खोट्या विजयांबद्दल. 'आज काही खाल्लंच नाही, भूकच नव्हती' हे अभिमानाने सांगणारे भेटतात. हा विजय नव्हे, स्नायू झिजण्याची सुरुवात आहे. वारंवार उलट्या होत असतील तर 'वजन उतरतंय ना' म्हणून सोसू नका. बी-१ जीवनसत्त्व संपून नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, धडधड आणि पोटदुखी आली तर थेट हॉस्पिटल गाठायचं, टाके गळत असू शकतात. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात, ते बहुतेकांचे परत येतात. सैल पडलेली कातडी मात्र व्यायामाने पूर्ववत होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

साजरं कसं करायचं, हा आपल्याकडे खरा पेच. आपला आनंद जिभेवरूनच सुरू होतो. पेढा, पुरणपोळी, आणि आगरी हळदीच्या रात्री मटण नि ग्लास. बायपासनंतर पेढ्याने घाम फुटून, छाती धडधडून माणूस आडवा होऊ शकतो. दारू दोन्ही ऑपरेशनांनंतर लवकर आणि जास्त चढते. हळद मात्र चुकवू नका. बेंजोवर एक अख्खं गाणं न थांबता नाचलात की त्या रात्रीचा पुरस्कार तोच. बाईसाठी तो नव्याने शिवलेला ब्लाउज असेल, बापासाठी खारघरच्या सेंट्रल पार्कात पोराच्या मागे धावणं. नातेवाइकांना एकच विनंती. 'एवढंसंच?' म्हणत वाढू नका, आणि भेटल्याबरोबर 'किती किलो झालं?' विचारू नका.

वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरतं, मग स्थिरावतं. दोन वर्षांनंतर बऱ्याच जणांचं थोडं परत चढतं. तेव्हा चालणं, प्रथिनं आणि तपासण्या कामाला येतात, आणि तपासण्याच सगळ्यात आधी सुटतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर असतात. तब्येत ठणठणीत वाटते म्हणून त्या बंद करू नका. ऑपरेशनच्या वाढदिवसाला केक कापण्याऐवजी दरवर्षी त्याच तारखेला रक्त तपासायला द्या आणि रिपोर्ट घेऊन आपल्या सर्जनकडे जा.