मूल ‘ढ’ नसते, अडखळते

“तोंडी हिशोब चटकन करतो, बिघडलेली सायकल खोलून पुन्हा जोडतो, पण वही उघडली की काहीच जमत नाही.” महाड-पोलादपूरकडच्या गावांतून आणि वाड्यांवरून मुलांबद्दल अशी तक्रार नेहमी ऐकू येते. शाळेत मुलाला ‘ढ’ म्हणतात, घरी ‘आळशी’. आठवी-नववीत शाळा सुटते आणि मुलगा मुंबईला कामाला लागतो. अशा काही मुलांच्या बाबतीत आळस हे कारण नसून अध्ययन अक्षमता हे असते. ती वेळीच ओळखली तर मुलाची शाळा टिकू शकते.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

बुद्धी सर्वसाधारण असते, डोळे-कान चांगले असतात, शाळेत हजेरीही नियमित असते. तरीही वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने बरेच मागे राहते. वाचनाच्या अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीस डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीस डिसकॅल्क्युलिया म्हणतात. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालण्याचे काम अशा मुलांचा मेंदू वेगळ्या रीतीने करतो. हा दोष पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. वडिलांनाही लहानपणी वाचन जड गेले होते का, हे जरूर आठवून पाहावे.

मराठी लिहिता-वाचताना ही मुले भ-म, घ-ध, ब-व यांत गोंधळतात. काना, मात्रा, वेलांटी गाळतात, जोडाक्षर आले की अडतात. फळ्यावरचे उतरवताना ओळच सुटते. आकड्यांचेही तसेच. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. पहिली-दुसरीत अशा चुका सर्वच मुले करतात. तिसरीनंतरही त्या तशाच राहिल्या तर मात्र तपासणी करून घ्यावी.

अतिचंचलता

काही मुलांचे लक्ष एका जागी ठरत नाही. ती सतत चुळबुळ करतात, प्रश्न संपण्याआधी उत्तर देतात, दप्तरातील वस्तू रोज हरवतात. यास अतिचंचलता व अवधानदोष, म्हणजेच एडीएचडी, म्हणतात. ही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी आणि किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. केवळ खोडकर मुलाला हे नाव देऊ नये. काही मुले, विशेषतः मुली, दंगा करीत नाहीत. त्या आपल्याच तंद्रीत बसून राहतात आणि म्हणून नजरेतून सुटतात. अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता एकाच मुलात असणे हेही बरेचदा आढळते.

वय वाढल्यावर धावपळ कमी होते, पण दोष सर्वांचाच जात नाही. हाती घेतलेली कामे अर्धवट टाकणे, बिल भरण्याची तारीख विसरणे, वारंवार नोकरी सोडणे, यामागे मोठ्यांमध्येही हे कारण असू शकते. अशांनी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

उपाय काय?

प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या डॉक्टरांना मुलाची अडचण सांगावी. पुढील तपासणीसाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत नातेवाईक असल्यास शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र विभाग आहे. निदान साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतर पक्के करता येते.

अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही. वेगळ्या पद्धतीने शिकवणे हाच त्यावरचा उपचार होय. अतिचंचलतेवर मात्र औषधे आहेत. ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत. बुद्धिवर्धक टॉनिके आणि अंगारेधुपारे यांवर पैसा घालवू नये. घरी एका वेळी एकच सूचना द्यावी. पंधरा-वीस मिनिटे अभ्यास, मग थोडी सुटी असा क्रम ठेवावा. ताटात तांदूळ पसरून त्यात बोटाने अक्षरे गिरवून घ्यावीत. शिक्षकांनी अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि चुकलेला शब्द शंभर वेळा लिहिण्याची शिक्षा देऊ नये.

अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मात्र तपासणीसाठी बरेच खेटे घालावे लागतात. त्यामुळे दहावीचा फॉर्म भरण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये. तिसरी-चौथीतच मुख्याध्यापकांशी बोलावे.