चेनच्या ट्रॅक्टरचा जाम झालेला अॅडजस्टर

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. पाण्याबरोबर चोपण, खारवट जमिनीही आल्या. रान सपाट करणे, निचऱ्याच्या चरी काढणे या कामांसाठी आपल्या भागात आजही जुने चेनचे ट्रॅक्टर आणि डोझर राखून ठेवलेले दिसतात. इंजिन ठणठणीत, पण चेन ताणता येत नाही की सैल करता येत नाही, अशी तक्रार सभासदांकडून ऐकू येते, म्हणून हे चार शब्द.

कारण आपली मातीच. ओली चिकणमाती आयडलरच्या मागे भरते, उन्हात विटेसारखी होते. काम संपले की मशीन बांधावर बाभळीखाली पावसाळाभर उभे राहते, आणि खारवट मातीतला ओलावा गंज धरतो. मग मिस्त्री थेट घण आणि गॅस काढतो. इथेच थांबावे असे आम्हांस वाटते.

आधी माती खरवडून पाण्याच्या जोराने धुवावे. पुष्कळदा अॅडजस्टर मोकळाच असतो, आयडलरचा दांडा घसरपट्टीत मातीने आवळलेला असतो. धुतल्यावरही हलत नसेल तरच पुढचे पाऊल.

जुन्या स्क्रूच्या मशीनवर नटाबाहेरचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. गंज तसाच ठेवून पाना फिरवला तर नट आट्यांत आणखीनच अडकतो. डिझेल आणि जुने ऑईल मिसळून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडत राहावे. नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोके द्यावेत. पाना आधी किंचित आवळण्याकडे, मग सोडण्याकडे, असा पाव-पाव फेरा मागेपुढे करावा. पान्याला लांब पाईप लावून तिघांनी लोंबकळले तर नट सुटत नाही, दांडा पिळतो. शेक द्यायचाच तर डिझेल पुसून फक्त नटाला द्यावा.

ग्रीसच्या अॅडजस्टरला मात्र ज्योत अजिबात दाखवू नये. बंद नळीत ग्रीस कोंडलेले असते, तापले की नळी फुटते. आणि मागची मोठी स्प्रिंग! ती कित्येक टन दाबून बसवलेली असते. तिचा बोल्ट गॅसने कापणे म्हणजे तोफेच्या तोंडी उभे राहणे. हे काम योग्य प्रेस असलेल्या वर्कशॉपचेच.

ग्रीस सोडायचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नये, आणि तोंड, छाती त्याच्यासमोर धरू नये. ग्रीस येत नाही म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण काढणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत. त्याऐवजी सगळ्यांना बाजूला करून मशीन हळूच थोडे पुढे, थोडे मागे घ्यावे, बहुधा ग्रीस आपोआप बाहेर येते. दाबाचे ग्रीस बोटात घुसले तर नुसता काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही. त्यावर हळद लावून घरी बसू नये. आत शिरलेले ग्रीस काही तासांत हात निकामी करू शकते. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि "ग्रीस दाबाने आत गेले आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

सुटल्यावर ताण किती? मशीनचे पुस्तक असेल तर त्याप्रमाणे. मध्यम मशीनला वरच्या रोलर व आयडलरमध्ये पट्टी टाकून साधारण एक ते दीड इंच झोळ ठेवतात. कडक चेन पिन-बुश आणि स्प्रॉकेट खाते, डिझेलही जास्त पिते. फार सैल असली तर चरीच्या काठावर वळताना उतरते, आणि चिखलात ती चढवायला अख्खा दिवस जातो.

पावसाळ्याआधी मशीन धुऊन फळ्यांवर उभे करावे, उघड्या आट्यांना ग्रीस फासावे, आणि महिन्यातून एकदा चालू करून चार पावले फिरवावे. झोळ मोजताना दोन्ही बाजू मोजाव्यात. एक कडक, एक सैल असेल तर मशीन सरळ चालत नाही.