वाकलेला बाण : खरा की कॅमेऱ्याची करामत?

धनुर्धराने बाण सोडला त्याच क्षणी वरून टिपलेले एखादे छायाचित्र पाहा. सरळसोट बाण त्यात चक्क धनुकलीसारखा वाकलेला दिसतो! बाण खरोखरच वाकतो, की कॅमेरा आपल्याला फसवतो?

ही शंका वेडगळ नाही. भर उजेडात फिरणाऱ्या पंख्याचे मोबाईलने छायाचित्र घ्या. पाती कोयत्यासारखी वाकडी दिसतील. मोबाईलचा कॅमेरा सबंध चित्र एकदम टिपत नाही; एकापाठोपाठ एक ओळ वाचत जातो. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत पाते पुढे सरकलेले असते. म्हणजे पंख्याच्या बाबतीत कॅमेरा फसवतो. मग बाणाच्या बाबतीत कशावरून नाही?

आधी थोडे गणित करू. ऑलिंपिकमधील धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने जातो. कॅमेऱ्याचे शटर १/१००० सेकंद उघडे राहिले, तरी तेवढ्यात बाण ६ सेंटिमीटर पुढे जातो आणि चित्र फिसकटते. हे फिसकटणे २ मिलिमीटरवर आणायचे, तर १/३०,००० सेकंदात चित्र टिपायला हवे.

यावर एक सुंदर युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडाच ठेवायचा आणि ऐन क्षणी विजेचा एकच लखलखाट करायचा. लखलखाट जितका वेळ टिकेल, तितक्याच वेळाचे चित्र उमटते. शिवाय सबंध बाण एकाच क्षणी उजळतो. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात हे तंत्र नावारूपाला आणले. त्याच दशकात क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान छायाचित्रणाने सुटणारा बाण टिपला. निकाल स्पष्ट होता : बाण खरोखरच वाकतो!

असे का व्हावे? खराट्याची काडी दोन्ही टोकांनी दाबून पाहा. ती मध्ये वाकते. दोरी बाणाला मागून जोराने ढकलते. पुढचे जड टोक जडत्वामुळे लगेच हलत नाही. त्यातच बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते. बाण एका बाजूला वाकतो, मग उलट बाजूला, आणि असा हेलकावे घेत धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून लक्ष्याकडे जातो. तो वाकला नसता, तर दांड्याला घासून भरकटला असता. म्हणून धनुर्धर आपल्या धनुष्याच्या ताकदीला साजेशा लवचिकतेचा बाण निवडतात.

सातारच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे विश्वविजेते ठरले, ते कंपाउंड धनुष्याने. त्याची दोरी बोटांऐवजी छोट्या यांत्रिक पकडीने सोडतात. त्यामुळे ती बाजूला फारशी सरकत नाही आणि बाणाचे आडवे वाकणेही फारच कमी होते.

आता प्रश्न नेमक्या क्षणाचा. दोरी सुटलेली पाहून बटण दाबावे, तर उशीर होतो. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत सुमारे १/५ सेकंद जातो. तेवढ्यात बाण १२ मीटर दूर पोहोचतो. मग छायाचित्रकार काय करतो? तो कान देतो! ऑलिंपिक धनुष्यावर क्लिकर नावाची धातूची पातळ पट्टी असते. बाण पुरेसा मागे ओढला गेला, की ती 'टिक्' असा आवाज करते आणि तो ऐकून धनुर्धर दोरी सोडतो. छायाचित्रकारही त्याच आवाजावर बटण दाबतो. दोघांनाही जवळजवळ सारखाच उशीर होतो, आणि क्षण साधतो!

मात्र, चित्रासाठी धनुर्धरांच्या रेषेपुढे कधीही जाऊ नका. मागेच उभे राहा. त्यांच्या संमतीशिवाय फ्लॅशही वापरू नका.

धनुर्धर जवळपास नसेल, तर पंखा आहेच. त्याचे एक चित्र मोबाईल उभा धरून घ्या, दुसरे आडवा धरून. पात्यांच्या वाकडेपणाची तऱ्हा बदललेली दिसेल. पंखा तोच, वेग तोच. बदलला तो फक्त कॅमेरा. म्हणजे तो वाकडेपणा पंख्याचा नव्हे, कॅमेऱ्याचा. एखादे नवलाचे चित्र समोर आले, की ते कसे टिपले हा प्रश्न आधी विचारा.