घरच्यांची ट्रिप, डोंगर आणि सायकल: ट्रेल शोधायचा कसा?

मागच्या एपिसोडनंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. घरचे मेमध्ये हिमाचलला चाललेत, मलाही जावं लागतंय, तर तिथे माउंटन बाइकसाठी चांगला ट्रेल कसा शोधू? ते ‘जावं लागतंय’ वाचून हसलो मी. गेल्या वर्षी मीही तसाच गेलो होतो. सोबत आई, बाबा, दादा, वहिनी आणि १३ वर्षांचा पुतण्या.

आमचा मुक्काम नग्गरला होता. कुल्लूच्या खोऱ्यात, बियास नदीच्या डाव्या तीरावर, मनालीच्या साधारण २० किलोमीटर अलीकडे. उंची साधारण १८०० मीटर. आपलं पुणं ५६० मीटरवर, त्यामुळे पहिल्या दिवशी नुसता जिना चढतानाही धाप लागते. तो दिवस सायकलला हात लावू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच शिकलोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी आणि पुतण्या भाड्याच्या सायकली घेऊन निघालो. मे महिन्यात तिकडे तेव्हा चांगलं उजाडलेलं असतं. साडेनऊला सगळ्यांना टॅक्सीने मनालीला जायचं होतं. वहिनीला म्हटलं, "साडेआठला परत." डांबरी रस्त्याने रुमसू गावाच्या बाजूला चढलो. फोनवरच्या नकाशात तिथून खाली उतरणारी एक तुटक रेषा दिसत होती. मला वाटलं, झालं, हाच आपला ट्रेल!

पहिली पाच मिनिटं भारी गेली. मग आल्या दगडी पायऱ्या, मग सफरचंदाच्या बागेचं कुंपण, मग पुन्हा पायऱ्या. पुतण्या पुढच्या ब्रेकवर जोरात दाबला गेला आणि हँडलवरून खाली. कोपर सोलवटलं, हेल्मेटला चीर गेली. फोनला रेंज नाही. सायकली खांद्यावर घेऊन उतरलो आणि साडेअकराला घरी पोचलो. टॅक्सी दारात उभी होती. दादा ओरडला, बाबा म्हणाले, "सुट्टीला आलायस की रेसला?" वहिनी एक शब्द बोलली नाही. तिने फक्त पोराचं कोपर धुतलं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

त्या रात्री बसून तोच नकाशा नीट वाचला. सगळं त्यात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी बनवलेला नकाशा आहे. ओएसएमअँडसारख्या ॲपमध्ये तो डाउनलोड केला की रेंज नसतानाही चालतो. त्यात पायवाट, जीप-ट्रॅक्टर जाईल असा कच्चा रस्ता आणि पायऱ्या ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. रेषेवर टॅप केलं की प्रकार कळतो. माझी तुटक रेषा पायवाट होती, म्हणजे माणूस चालू शकतो एवढीच हमी. माउंटन बाइकसाठी ० ते ६ अशी अवघडपणाची श्रेणीही या नकाशात देता येते. ० म्हणजे कुणालाही जमेल, ६ म्हणजे तुम्ही सर्कशीत नाव काढाल. पण हिमालयातल्या बहुतेक वाटांना ही श्रेणी कुणी दिलेलीच नसते. त्यामुळे उतार स्वतः मोजायचा.

त्यासाठी समोच्च रेषा सुरू करा. शाळेत भूगोलात होत्या बघा, त्याच. समजा दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक आहे. एक किलोमीटरच्या वाटेने अशा १५ रेषा ओलांडल्या तर ३०० मीटर उतार झाला, म्हणजे ३० टक्के. माझी त्या सकाळची वाट जवळपास अशीच होती! नवख्या माणसाला सरासरी १० टक्क्यांच्या आसपास मजा येते. १५ च्या वर गेलं की ब्रेक सोडायची हिंमत होत नाही, आणि सतत ब्रेक दाबून उतरण्यात कसली मजा?

मग स्ट्राव्हाचा हीटमॅप. लोकांनी रेकॉर्ड केलेल्या राइड जिथे जास्त, तिथे रेषा ठळक. त्यात फक्त सायकलिंग निवडा. डांबरी रस्ते झगझगीत दिसतील, ते सोडून द्या. जंगलात शिरणारी फिकट रेषा शोधा. फिकट का होईना, पण तिथून कुणीतरी सायकल नेलीय.

एवढं झालं की फोन खिशात टाका आणि माणसांना विचारा. पण विचारायची एक पद्धत आहे. "ये रास्ता नीचे जाता है?" असं विचारलं तर उत्तर कायम "हाँ जी, जाता है." खोटं नसतं ते, रस्ता जातोच, फक्त तो त्यांच्या पायांना जातो. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका आजींना मी दुसऱ्या दिवशी वेगळं विचारलं: "अम्मा, यहाँ से खच्चर जाता है?" त्या म्हणाल्या, "ना ना, सीढ़ी है. खच्चर उधर से." आणि हाताने पलीकडची वाट दाखवली. ओझं लादलेलं खेचर जिथून जातं, तिथे वाट रुंद असते आणि उतार बेताचा. अर्ध्या मिनिटात काम झालं. ॲपवर मी दोन तास घालवले होते.

दोन गोष्टी पटकन. वाळलेल्या देवदाराच्या काड्यांवर चाक घसरतं, वळणावर वेग आधीच कमी करा. आणि मेंढ्यांचा कळप दिसला तर खाली उतरा. मे-जूनमध्ये गद्दी मेंढपाळ वरच्या कुरणांकडे निघालेले असतात आणि त्यांचे कुत्रे चेष्टा समजत नाहीत. सायकल कुत्र्याच्या आणि तुमच्या मध्ये ठेवून चालत जा.

भाड्याची सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघाच. उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा की मागच्या, हेही बघा. सगळ्या सायकलींवर सारखं नसतं, आणि आमचा पठ्ठ्या पडला तो नेमका यामुळेच. त्याला उजवा म्हणजे मागचा वाटत होता. हे तपासणं माझं काम होतं.

आता घरच्यांचं काय? मी आधी पहाटे चोरून तीन तास काढत होतो. मग डोक्यात आलं, घरच्यांना जिथे जायचंय तिथूनच ट्रेल सुरू का होऊ नये? नग्गरहून साधारण १२ किलोमीटरवर जाणाचा धबधबा आहे. रस्ता देवदारातून चढत जातो, आणि वर छोट्या टपऱ्यांवर सिड्डू, लाल भात, मक्याची रोटी मिळते. आईला तिथे जायचंच होतं. चौथ्या दिवशी सायकली टॅक्सीच्या कॅरिअरवर बांधल्या आणि सगळेच गेलो. बेत असा की जेवून आम्ही दोघे खेचरांच्या वाटेने उतरणार, टॅक्सी रस्त्याने येणार, आणि वाट रस्त्याला मिळते तिथे भेटायचं. वेळ ठरवली, त्यानंतर अर्धा तास वाट बघून टॅक्सीवाल्याने वर शोधायला यायचं, हेही ठरवलं. तुमच्याकडे रेंज नसते तेव्हा हे ठरवणं फार लागतं.

जेवण झालं. पुतण्या हेल्मेट घालून तयार. नवीन हेल्मेट, एकदा चीर गेलेलं परत वापरायचं नसतं. वहिनी म्हणाली, "थांबा. फोन दे इकडे." तिने नकाशा मोठा केला आणि बोट ठेवून रेषा मोजायला लागली.

"अकरा. दोन किलोमीटरला अकरा. म्हणजे किती रे?"

"अकरा टक्के, वहिनी."

"पायऱ्या?"

"नाहीत. खेचरं जातात."

तिने फोन परत दिला आणि पोराच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः घट्ट केला. चाळीस मिनिटांनी आम्ही खाली पोचलो, तेव्हा टॅक्सी यायची होती.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये पंक्चर काढूया, खरोखरचं!