वरचं पाणी, खालचं छत

पावसाळ्यात छत गळलं तर आपण आभाळाला बोल लावतो. पण ऐन एप्रिलात, नागपूरच्या उन्हात गळलं तर? मग बोल लागतो वरच्या मजल्याला. आमच्या इमारतीत तो वरचा मजला माझाच होता.

गांधीबागेत, कापडाच्या ठोक बाजारालगत आमची जुनी इमारत. खालच्या ताई दुकानदारांच्या साड्यांना फॉल-पिको करून देतात. एका सकाळी त्या वर आल्या. हातात मोतिया रंगाची साडी, पदरावर तपकिरी डाग. म्हणाल्या, ‘भाऊ, तुमच्या बाथरूममधून पाणी पडून राहिलं. महिना झाला.’ महिनाभर बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ‘तुमच्या घरी आजारपण होतं. कसं सांगणार?’ साडीचे पैसे मात्र त्यांच्या मजुरीतून कापले गेले होते.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे!’ वरचा माणूस नेहमी हेच म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. गळती ज्याच्या घरची, त्याला ती दिसत नाही. ज्याला दिसते, त्याला ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून मी चपला घातल्या आणि खाली गेलो.

छताला पोपडे सुटले होते, पांढरा लोणा लागला होता. सिमेंट-चुन्यातले क्षार पाण्याबरोबर उतरतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तोच हा लोणा. त्यावर रंग मारणं व्यर्थ. ओल आतल्या सळयांपर्यंत गेली की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीटचे टवके निखळतात. डागाजवळच पंखा होता. आधी त्या खोलीची वीज बंद केली. ओल्या छताखाली हे पहिलं काम.

मग मी विचारलं, पाणी पडतं केव्हा? ताई म्हणाल्या, ‘तुमची अजान झाली की पाव तासात. पहाटे तर हमखास.’ मी चपापलो. ती माझ्या वजूची वेळ! पण निदानाचं सूत्र याच उत्तरात होतं. नळ बंद असतानाही पाणी ठिबकत राहिलं, तर संशय पुरवठ्याच्या नळीवर. कारण तिच्यात पाणी कायम भरलेलं असतं. वापरल्यावरच ठिबकलं, तर दोष निचऱ्याच्या वाटेत किंवा फरशीत.

तरी खात्री करून घ्यावी. रात्री बाथरूमकडे येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवला; ठिबकण्यात फरक पडला नाही, म्हणजे पुरवठ्याची नळी सुटली. दुसऱ्या दिवशी फरशी न भिजवता बादलीभर पाणी थेट जाळीच्या तोंडात ओतलं. त्यात थोडी नीळ कालवली होती. काही वेळाने ताईंच्या छतावरून निळसर थेंब पडला. तो पडला नसता, तर जाळी बोळ्याने बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवायचं होतं. तेव्हा गळलं असतं, तर दोष फरशीच्या सांध्यांचा.

आमचा दोष निघाला नहाणी ट्रॅपचा. जाळीखालचं हे वाकडं भांडं. त्यात थोडं पाणी कायम राहतं आणि गटाराची दुर्गंधी अडवतं. त्याचा नळीशी असलेला सांधा सुटला होता. बाथरूमचा स्लॅब अनेकदा खोलगट ठेवून विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. गळालेलं पाणी त्यात मुरतं आणि वाट मिळेल तिथून उतरतं. म्हणून डाग एकीकडे, दोष दुसरीकडे. दुरुस्तीनंतरही काही दिवस पाझर राहतो. लगेच गवंड्याशी भांडू नये.

आम्ही ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी साठवून पाहिलं. ही परीक्षा टाळून फरशी बसवणं म्हणजे पुन्हा फोडण्याची तयारी.

खर्च कुणाचा? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक अशा घरातल्या गळतीची दुरुस्ती त्या सदनिकाधारकाने करायची. बाहेरच्या सामाईक नळ्यांची आणि पावसाच्या गळतीची संस्थेने. आमच्या इमारतीत संस्था नाही. पण न्याय कळायला उपविधी कशाला हवेत? ताईंचं छत मी रंगवून दिलं. साडीचे पैसे घ्यायला त्यांनी आढेवेढे घेतले, शेवटी घेतले.

एक हिशेब मांडून पाहिला. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी होतं. आमचं शहर पेंच आणि कन्हानचं पाणी पितं. वजू करताना पाण्याची उधळपट्टी नको, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी नळ बारीकच ठेवत होतो. ते बारीक पाणी कुठे जातं, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

आता महिन्यातून एकदा मी खाली जातो आणि ताईंचं छत पाहून येतो. तुमच्या खाली कुणी राहत असेल, तर तुम्हीही एकदा जाऊन या. त्यांनी येण्याची वाट पाहू नका.