मत्स्यवेध

मत्स्यवेध : बाण, भाला किंवा दोर बांधलेली बरची यांसारख्या फेकीच्या शस्त्राने पाण्यातील मासा टिपण्याचा छंद. द्रौपदीस्वयंवराच्या कथेमुळे हा शब्द परिचित असला, तरी तेथील मासा हे कृत्रिम लक्ष्य होय. सातारा–सांगलीचा प्रदेश ज्यांच्या साम्राज्यात मोडत होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे, मात्र त्याचा भर गळ व आमिष यांवर आहे.

या छंदातील खरे कौशल्य नेमबाजीपेक्षा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा अंदाज घेण्यात आहे. पाण्याचा वक्रीभवनांक सु. १·३३ असल्याने १ मी. खोलीवरील मासा सरळ वरून पाहिल्यास सु. ७५ सेंमी. खोलीवर भासतो; तिरपे पाहिल्यास तो आणखी वर दिसतो. म्हणून नेम नेहमी दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. बाण वजनदार व आकडेदार टोकाचा असून त्याला दोर जोडलेला असतो. बंदूक येथे निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याची ठरते. कारण उथळ कोनातून मारलेली गोळी पाण्यावरून उसळून काठावरच्या माणसास लागू शकते.

अमेरिकेत धनुष्याने कार्प मासे मारणे हा रूढ क्रीडाप्रकार आहे. कृष्णा, कोयना व वारणा यांच्या काठी त्याला तसे स्वरूप नाही. पावसाळ्यात या नद्या गढूळ असतात. मासा स्पष्ट दिसतो तो अंडी घालण्यासाठी ओढ्यांत व भातखाचरांत चढतो तेव्हाच. या चढणीच्या माशांवर भाला चालविणे सोपे, पण मारली जाते ती बहुधा गाभोळीने भरलेली मादी. गळाला लागलेला लहान मासा परत सोडता येतो, बाण लागलेला नाही. खडस या महाशीर जातीस (टॉर खुद्री, साइक्स, १८३९) हा फरक विशेष जाचक आहे, कारण ती उशिरा प्रजननक्षम होते. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० नंतर तिचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले. चिलापीसारख्या परकीय माशापुरता हा छंद मर्यादित ठेवणे त्यामानाने समर्थनीय ठरेल.

पाण्यात बुडी मारून भाला चालविण्याचा प्रकार सांगली परिसरात संभवत नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरींचा वावर आहे. कोयना अभयारण्य (१९८५) व चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून शस्त्रासह प्रवेशही करता येत नाही.